वकिलीची सनद मिळाली. वकिली कोण शिकविणार?

दक्षिण सोलापूर तालुक्यातील कुंभारी हे आता नुसते शेतकऱ्यांचे गाव राहिलेले नाही. विडी वळणाऱ्या दहा हजार स्त्रियांच्या घरांची गोदूताई परुळेकर वसाहत तेथे २००६ साली वसली. आणि १९ जानेवारी २०२४ रोजी रे नगर योजनेतील तीस हजारांपैकी पंधरा हजार घरे विडी कामगार, यंत्रमाग कामगार, कचरा वेचणारे अशा कष्टकऱ्यांच्या स्वाधीन झाली. इतकी माणसे जेथे एकत्र नांदू लागतात तेथे मजुरीचे, प्रॉव्हिडंट फंडाचे, पोटगीचे, अपघाताच्या भरपाईचे तंटे उद्भवावयाचेच. शिवाय मूळच्या शेतकऱ्यांचे बांधाचे आणि वाटणीचे दावे आहेतच. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपल्याकडे म्हणतात. पण ही पायरी हौसेने कोण चढतो? गरिबाला ती चढणे भाग पडते. ती चढल्यावर त्याचे प्रकरण ज्याच्या हाती पडते तो वकील आपल्या कामात कितपत तयार झालेला असतो, ह्या प्रश्नाकडे आज वाचकांचे लक्ष वेधण्याची आमची इच्छा आहे.

१८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे फिरते खंडपीठ कोल्हापूर येथे सुरू झाले आणि सोलापूरसह सहा जिल्ह्यांची अनेक वर्षांची मागणी पुरी झाली. ह्याचा आनंद सर्वांस झाला आणि तो योग्यच आहे. परंतु ह्या आनंदात एक गैरसमज मिसळलेला दिसतो, तो वेळीच दूर केला पाहिजे. अपिलाचे न्यायालय जवळ आले म्हणजे न्याय जवळ आला, असे पुष्कळांस वाटते. वस्तुतः अपिलाचे न्यायालय साक्षीदारास पाहत नाही, त्याचा अडखळलेला आवाज ऐकत नाही. ते खालच्या न्यायालयात तयार झालेले कागद वाचते. त्या कागदांत जे नाही ते तेथे निर्माण होत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या एकेचाळिसाव्या आदेशातील सत्ताविसाव्या नियमाप्रमाणे अपिलात नवा पुरावा अपवाद म्हणूनच घेता येतो. आणि १९७६ च्या दुरुस्तीपासून कलम १०० खालील दुसरे अपील तर कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असल्याखेरीज चालतच नाही. सोलापुरात जो प्रश्न साक्षीदारास विचारावयाचा राहिला, तो कोल्हापुरात कितीही मोठा वकील दिला तरी विचारला जाणार नाही. घराचा पाया सोलापुरात घातला जातो. कोल्हापुरात फार तर कौले शाकारता येतात.

एखादी लहानशी वस्तुस्थिती पुराव्यात येण्या-न येण्याने केवढा फरक पडतो, ह्याचे उदाहरण कुंभारीच्या विडी कामगारांच्याच धंद्यातले आहे. घरी बसून विड्या वळणारी स्त्री ही कारखानदाराची नोकर की स्वतंत्रपणे काम करणारी, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. ती घरी काम करते, केव्हाही करते, तिच्यावर देखरेख कोणाची नाही, असे कारखानदारांचे म्हणणे. १९८५ साली न्यायालयाने निर्णय दिला की, वळून आणलेल्या विड्यांतून सदोष विड्या नाकारण्याचा हक्क मालकाकडे आहे आणि तो हक्क हीच देखरेख होय. सबब ती कामगार ठरते व भविष्य निर्वाह निधीचा कायदा तिला लागू पडतो. विड्या कोण पारखतो, कोण नाकारतो, नाकारलेल्या विडीचे पैसे कोणाच्या माथी बसतात, हे प्रश्न दिसावयास किती क्षुल्लक! पण असे प्रश्न विचारण्याचे ज्या वकिलास सुचते त्याच्या अशिलाची म्हातारपणाची पुंजी वाचते, आणि ज्यास सुचत नाही तो मोठमोठे निवाडे वाचून दाखवूनही हात हलवीत परत येतो.

मग हे सुचावे कसे? पुस्तकांतून ते येत नाही. १९६१ च्या वकील कायद्यात सनद देण्यापूर्वी प्रत्यक्ष शिक्षण आणि परीक्षा यांची अट होती. १९७३ च्या दुरुस्तीने ती काढून टाकण्यात आली. पुढे भारतीय वकील परिषदेने १९९५ साली नियम करून एक वर्षाची उमेदवारी सक्तीची केली. परंतु कायद्याने तसा अधिकार परिषदेस दिलेला नाही, ह्या कारणावरून सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली ते नियम रद्द ठरविले. निर्णय अधिकारापुरता होता. उमेदवारी निरुपयोगी आहे असे काही न्यायालयाने म्हटले नव्हते. २०११ पासून अखिल भारतीय वकील परीक्षा सुरू झाली व २०२३ साली घटनापीठाने तिला मान्यताही दिली. पण उत्तरांच्या पर्यायांतून एक निवडण्याच्या परीक्षेने साक्षीदारासमोर उभे राहण्याची तयारी कशी अजमावणार? महाविद्यालयात तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला किमान बारा आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला किमान वीस आठवडे प्रत्यक्ष काम करण्याचा नियम आहे. तो किती ठिकाणी मनःपूर्वक पाळला जातो आणि किती ठिकाणी केवळ दाखल्यापुरता उरतो, हे प्राध्यापक आणि विद्यार्थी दोघेही जाणतात. शल्यविद्येच्या पदवीधरास कोणी एकदम शस्त्र हाती देऊन रोग्यापुढे उभा करीत नाही. वकिलाच्या बाबतीत मात्र आपण तेच करतो, आणि रोगी म्हणून गरिबास पुढे करतो.

कोणकोणत्या गोष्टी शिकावयाच्या राहतात ते नीट सांगितले पाहिजे, नाही तर ही तक्रार मोघम ठरेल. फौजदारी खटल्यात साक्षीदार न्यायालयात एक सांगतो आणि पोलिसांपुढील त्याच्या जबाबात दुसरेच असते. नवशिका वकील मोठ्याने ‘तू खोटे बोलतोस’ असे म्हणून खाली बसतो. एवढ्याने काही सिद्ध होत नाही. जबाबातील नेमका तो भाग साक्षीदारास दाखवून त्यावर त्याचे उत्तर घ्यावयाचे, तो भाग खुणेने नोंदवून घ्यावयाचा, आणि पुढे तपासी अंमलदार साक्षीस आला म्हणजे तो जबाब तसाच लिहून घेतला होता असे त्याच्याकडून वदवावयाचे. ह्यांतील शेवटची पायरी चुकली की विसंगती कागदावर असून नसल्यासारखी होते. दिवाणी दाव्यात २००२ पासून सरतपास प्रतिज्ञापत्रावर होतो. त्यामुळे नवीन वकील दाव्यातील मजकूर जसाच्या तसा उतरवून मोकळा होतो, आणि ज्या एका ठिकाणी खरी वकिली उरली त्या उलटतपासाला विनातयारी उभा राहतो. आपल्या पक्षाची हकीकत विरुद्ध साक्षीदारास सुचवावी लागते. न सुचविल्यास त्याचे म्हणणे आपणास कबूल होते असा अर्थ निघू शकतो, हेही अनेकांस प्रकरण हरल्यावर कळते.

त्यात १ जुलै २०२४ पासून तिन्ही नवे फौजदारी कायदे अमलात आले आहेत. झडती व जप्तीचे चित्रीकरण, गंभीर गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाची भेट, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत द्यावयाचे दोन भागांचे प्रमाणपत्र, ह्या गोष्टी जुन्या-जाणत्या वकिलांसही नव्याच आहेत. मोबाइलमधील चित्रफीत हजर करावी कशी व विरुद्ध पक्षाने हजर केल्यास तिला हरकत घ्यावी कशी, हे ज्यास ठाऊक नाही त्याचा अशील आज निम्मा निःशस्त्र आहे.

सोलापूरची आणखी एक अडचण आहे. १९९८ च्या अधिसूचनेने जिल्हा न्यायालयांची भाषा मराठी झाली, ही आम्हांस अभिमानाची गोष्ट वाटते. परंतु विडी वळणारी स्त्री पुष्कळदा घरी तेलुगू बोलते, आणि अक्कलकोटच्या बाजूचा शेतकरी कानडी. तिचे म्हणणे मराठीत आणि मराठीतून इंग्रजी निकालपत्रात जाताना वाटेत काय सांडते, ह्याकडे लक्ष ठेवण्याचे काम तिच्या वकिलाचे आहे. ज्या तरुणास ह्या तीन भाषा कळतात तो ह्या जिल्ह्यात पुढे आल्यावाचून राहणार नाही. इंग्रजीचा न्यूनगंड बाळगणाऱ्या आमच्या मुलांनी हे ध्यानात ठेवावे.

आता ज्येष्ठांचा आक्षेप येतो. ते म्हणतात, आम्हांस कोणी शिकविले? आम्ही ठेचा खातच शिकलो. ठेच लागते खरी, पण ती कोणाच्या पायाला? शिकणाऱ्याची चूक अशिलाच्या डोक्यावर फुटते. एखाद्याचे शेत जाते, एखाद्याची वर्षे तुरुंगात जातात. साक्षीपुराव्यावर माणसाचा प्राण टांगलेला असतो, हे १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यास चार पुत्र फाशी गेलेल्या सोलापुरास कोणी सांगावयास नको. दुसरे असे की, ठेचा खाण्याची चैन ज्यास घरचा आधार आहे त्यालाच परवडते. भारतीय वकील परिषदेने २०२४ साली उमेदवार वकिलांस शहरात दरमहा किमान वीस हजार व ग्रामीण भागात पंधरा हजार रुपये द्यावेत अशी शिफारस केली. शिफारस ती शिफारसच. ती पाळावीच अशी सक्ती नाही. परिणामी विणकराचा मुलगा किंवा विडी कामगाराची मुलगी सनद घेऊनही वर्ष-दोन वर्षांत हा धंदा सोडते, आणि ज्यांच्या दुःखाची भाषा त्यांना अवगत होती ते पक्षकार परक्याच्या हाती राहतात. प्रत्येक ज्येष्ठास एवढी रक्कम झेपणार नाही हे आम्ही मान्य करतो. मग दोघा-तिघांनी मिळून एक उमेदवार ठेवावा, वकील संघाने त्यात भर घालावी. परंतु फुकटची सेवा घेऊन तिला शिक्षणाचे नाव देऊ नये.

२० मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिवाणी न्यायाधीशाच्या पदासाठी तीन वर्षांची वकिली आवश्यक ठरविली, आणि तिचा दाखला न्यायालयाच्या प्रमुख अधिकाऱ्याने, अथवा त्याच्या पृष्ठांकनासह दहा वर्षे वकिली केलेल्या वकिलाने द्यावा असे सांगितले. येथे ज्येष्ठांच्या हाती मोठा विश्वास सोपविला आहे. कचेरीत तारखा लिहून घेणाऱ्या तरुणास तीन वर्षांनी दाखला मिळाला, तर आपण उद्याचा न्यायाधीशही कागदावरचाच तयार करू.

उपाय अवघड नाहीत. सोलापूरच्या वकील संघाने महिन्यातून दोन शनिवार निकाली प्रकरणांतील जबान्या, पक्षकारांची नावे गाळून, मराठीत वाचावयास घ्याव्यात. कोणता प्रश्न विचारावयास नको होता आणि कोणता राहून गेला, ह्याची चर्चा ज्येष्ठांनी करावी. प्रत्येक ज्येष्ठाने आपल्या उमेदवारास दरमहा लहानशा प्रकरणातील एक तरी साक्षीदार उलटतपासासाठी द्यावा. मात्र साक्षीदाराकडून काय कबूल करून घ्यावयाचे, त्याला कोणत्या कागदाचा आधार आहे आणि कोणता प्रश्न टाळावयाचा, हे आधी लिहून घेतल्याशिवाय देऊ नये. बांधाचा दावा चालविणाऱ्याने कुंभारीस जाऊन बांध पाहावा, विडीचा दावा चालविणारीने विडीच्या सुपाजवळ बसून काम पाहावे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे स्त्रिया, औद्योगिक कामगार, अनुसूचित जाती-जमातींचे लोक व कोठडीतील इसम यांस उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. म्हणजे कुंभारीच्या विडी कामगार स्त्रीला वकील मिळेलच. तो तयारीचा मिळावा, एवढेच आपणास करावयाचे आहे. विधी सेवेचे काम शिकाऊ लोकांच्या सरावासाठी असते ही समजूत ज्येष्ठांनी स्वतः वर्षातून काही प्रकरणे चालवून मोडली पाहिजे.

ज्यांच्या नावाने कुंभारीतील वसाहत ओळखली जाते त्या गोदावरी परुळेकर महाराष्ट्रातील पहिल्या महिला कायदा पदवीधर म्हणून ओळखल्या जातात. त्यांनी आपले ज्ञान वारली शेतमजुरांच्या पदरात टाकले. सर्वांनी तो मार्ग धरावा असे आम्ही म्हणत नाही. वकिलाने पोट भरावे, नाव कमवावे, ह्यात गैर काहीच नाही. परंतु स्वराज्यातील न्यायालय आपले आहे असे गरिबास वाटावयाचे असेल, तर ते मोठ्या इमारतीमुळे वाटणार नाही. आपल्या बाजूने उभा राहिलेला माणूस प्रकरण वाचून आला आहे, हे त्याला पहिल्या प्रश्नापासून दिसले म्हणजे ते वाटेल. ती तयारी करून देण्याचे ऋण प्रत्येक ज्येष्ठ वकिलाच्या डोक्यावर आहे, आणि ते फेडण्यास कोणत्याही नव्या कायद्याची वाट पाहावी लागत नाही.