वही कोणाची?

टॅबलेट घेतला की पहिला प्रश्न: नोट्ससाठी कुठलं अ‍ॅप? मग स्टिकर्स नि गोंडस प्लॅनर बघून निवड होते. मंडळी, आधी बाहेर पडायचं दार शोधा! वंडरलिस्ट मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये विकत घेतलं नि २०२० मध्ये बंद केलं. एव्हरनोटने २०२३ मध्ये फुकट वापरणाऱ्यांना ५० नोट्सवर आणून ठेवलं. नोटॅबिलिटीने २०२१ मध्ये एकदाच पैसे मोजून घेतलेल्यांनाही वर्गणीला जुंपायचा घाट घातला. ओरड झाली तेव्हा कुठे माघार! आणि त्या वहीत काय असतं? आईच्या पाककृती, औषधांच्या वेळा, आपली दहा वर्षं. म्हणून आधी चार पानं लिहा, पीडीएफ किंवा साध्या मजकुरात बाहेर काढून बघा. निघाली तर वही तुमची. नाहीतर तुम्ही भाडेकरू!