पंप धुवायचा राहिला

गेल्या भाद्रपदात माझ्या तुरीच्या सहा ओळींचे शेंडे वाकडे झाले. पानं वाटीसारखी वळली, देठ मुरगळले. बघायला आलेल्यांनी वांझ रोग सांगितला. मला खरं कारण माहीत होतं, पण सांगायची लाज वाटत होती. आज लिहितो.

फवारणीच्या आदल्या दिवशी उसात टू-फोर-डी मारलं होतं. संध्याकाळी पंप धुवायला घेतला आणि फोन वाजला. कॉल झाला, मग एक व्हिडिओ, मग कांद्याचा भाव. पंप तसाच राहिला. सकाळी त्याच पंपात तुरीसाठी अळीचं औषध कालवलं. टू-फोर-डी रुंद पानाच्या पिकाला चालत नाही. तूर, कापूस, द्राक्ष, टोमॅटो, कुठलंही असू द्या, नळीत आणि तळाला राहिलेलं पाणीसुद्धा पुरतं. आता तणनाशकाचा पंप वेगळाच ठेवलाय, त्याला लाल रंग मारलाय.

लोक म्हणतात, रानात फोन नेऊच नका. हे बोलणं सोपं हाय ओ. मोटर फोनवरनं चालू करायची, लाईट कधी येणार ते त्यावरच कळतं, पाऊस, मजूर, टेम्पोवाला सगळे त्यातच. फोन सोडता येत नाही. वेळ मात्र ठरवता येते.

मी शुक्रवार पेठेत राहतो, रान गावाबाहेर. आमच्या लहानपणी सोलापुरात गिरण्यांचे भोंगे व्हायचे. घरात घड्याळ नसलं तरी भोंग्यावर चूल पेटायची, डबा निघायचा. गिरणीत कामगाराचे हाल होते, त्याचं कौतुक नाही. पण आत्ता कशाची वेळ आहे, ते अख्ख्या पेठेला कळायचं.

सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. तीनेक हजार वस्तीचं गाव. कोरोनात पोरं मोबाईलला चिकटली म्हणून 2022 च्या ऑगस्टात गावानं ठरवलं, संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजला की टीव्ही, मोबाईल बंद. साडेआठला परत भोंगा. दीड तास, बास. अंगणवाडी आणि आशाताई घरोघर सांगत फिरल्या. मला त्यातलं हे पटतं की बंदी सगळ्यांना एकदमच होती. एकट्यानं फोन ठेवला तर बाकीचे "का उचलत नाही?" म्हणून भांडतात.

म्हणून मी घरात सांगून टाकलंय, औषध मोजण्यापासून पंप धुऊन पालथा घालेपर्यंत फोन डब्यात. अगदीच अडलं तर शेजारच्या रानातल्या माणसाला फोन करा, तो हाक मारंल. पहिल्या आठवड्यात मंडळी चिडली. आता सवय झालीय. कांद्याचा भाव संध्याकाळी एकदाच बघतो, लिलाव झाल्यावर दहादा बघून तो काय वाढत नाही.

कृषी सहायक आणि दुकानदार साहेबांना एक विनंती. तुमचे सल्ले कामाचे असतात, पण सकाळी सात ते दहा आम्ही फवारणीत असतो. दिवसभर तुकड्या-तुकड्यानं पाठवण्यापेक्षा संध्याकाळी एकदाच पाठवा की. औषध, प्रमाण आणि कशात मिसळायचं नाही, एवढं एका मेसेजात येतं.

तुरीच्या त्या सहा ओळींना शेंगा धरल्या, पण निम्म्याच.