विंचचा दोर बदलताना बघ्यांचाही विचार करा

पावसाळ्यात सह्याद्रीच्या कच्च्या वाटेवर किंवा गोव्याच्या तांबड्या चिखलात एखादी थार, जिप्सी नाहीतर गुरखा रुतली की तिच्याभोवती माणसं जमतात. सोबतचे गाडीवाले असतात, गावकरी असतात, मोबाइलवर चित्रण करणारी पोरं असतात. गाडीच्या पुढच्या विंचचा दोर ओढत नेऊन झाडाला अडकवला जातो आणि बटण दाबलं जातं. तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाची सुरक्षितता त्या वेळी त्या दोरावर अवलंबून असते. तरीही दोर बदलायची वेळ आली की बहुतेक गाडीमालक दोनच गोष्टी पाहतात, किंमत आणि टिकाऊपणा, आणि जुन्यासारखाच पोलादी दोर पुन्हा घेऊन येतात. मला ही निवड चुकीची वाटते. दोराचे पैसे मालक देतो, पण तुटलेल्या दोराचा मार कुणाला बसेल हे त्याच्या हातात नसतं. म्हणून हौशी ऑफरोडिंगच्या गाडीवर बदलीचा दोर सिंथेटिकच असावा, आणि दोराबरोबर बदलाव्या लागणाऱ्या वस्तूंबाबतही चालढकल करू नये.

आधी ताण किती येतो ते पाहू. अमेरिकी लष्करात वापरला जाणारा ढोबळ हिशेब असा की चाकं बुडेपर्यंत रुतलेली गाडी काढायला तिच्या वजनाइतकी ओढ लागते आणि मडगार्डपर्यंत रुतली असेल तर दुप्पट. म्हणजे सामानासकट दोन टनांच्या गाडीला चार टन. अशा गाड्यांवर सर्रास दिसणारा विंच ९,५०० पौंडांचा, म्हणजे सुमारे ४,३०० किलो ओढणारा असतो. साडेनऊ मिलिमीटरचा पोलादी दोर नवा असताना साधारण साडेसहा टनांना तुटतो. कागदावर हे पुरेसं आहे. पण दोराला एकदा मुरड पडली, काही तारा तुटल्या, कोकणच्या खाऱ्या हवेत गंज आतल्या गाभ्यापर्यंत गेला, की ती ताकद राहत नाही, आणि किती राहिली हे बाहेरून पाहून कळत नाही. त्याच जाडीचा चांगल्या प्रतीचा सिंथेटिक, म्हणजे एचएमपीई धाग्याचा, दोर (डायनीमा हे त्या धाग्याचं सर्वांना ठाऊक असलेलं नाव) आठ टनांहून जास्त ताण घेतो. अठ्ठावीस मीटर पोलादी दोराचं वजन अकरा किलोंच्या आसपास भरतं, तेवढ्याच सिंथेटिकचं दीड किलोच्या आसपास.

माझ्या मताचा खरा आधार वजनातला हा फरक आहे. तो नीट समजून घ्यायला हवा, कारण सिंथेटिक दोराबद्दल एक घातक गैरसमज रूढ आहे: तो तुटला तर जागच्या जागी खाली पडतो. तसं नसतं. ताणलेल्या कुठल्याही दोरात ऊर्जा साठते आणि तुटताक्षणी ती बाहेर पडते, दोर पोलादाचा असो की धाग्याचा. फरक पुढे पडतो. सिंथेटिक दोर हलका असल्याने हवा त्याचा वेग लवकर मारते, आणि तो लागला तरी मऊ असतो. पोलादी दोराचं कित्येक किलो वजन तुटक्या तारांची टोकं घेऊन फटकारतं; तिथे हाड मोडतं, मांस फाटतं. मात्र दोराच्या टोकाला लोखंडी हूक किंवा शॅकल असेल आणि तेच सुटलं, तर सिंथेटिक दोरही ते गोळीसारखं फेकतो. त्यामुळे नव्या दोराबरोबर जमेल तिथे धाग्याचं सॉफ्ट शॅकल घ्यावं, ओढताना दोरावर डॅम्पर किंवा भिजवलेलं जाड पोतं टाकावं आणि दोराच्या लांबीच्या दीडपट अंतरात कुणालाही उभं राहू देऊ नये. हलक्या दोराने धोका कमी होतो, संपत नाही.

सिंथेटिकविरुद्धचे आक्षेप खोटे नाहीत. कोकण-गोव्यातल्या जांभ्याच्या किंवा घाटातल्या काळ्या खडकाच्या धारेवर ताणलेला दोर घासला तर एकाच ओढीत कापला जाऊ शकतो. पोलादी दोर तिथे बहुधा निभावतो. उन्हाने धागा जुना होतो, आणि चिखलातली वाळू आत शिरून धाग्यांना आतून कातरते. पण यावर उपाय आहेत आणि ते स्वस्त आहेत. दोरावर सरकतं संरक्षक आवरण असतं, ते खडकाच्या धारेशी आणावं. मोहिमेनंतर दोर गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवावा. विंचवर कव्हर घालावं. उष्णतेचा आक्षेप अधिक गंभीर आहे. हा धागा साधारण १५० अंश सेल्सिअसच्या आत वितळतो आणि त्याच्या बऱ्याच आधी कमजोर होतो. अनेक विंचांचा ब्रेक ड्रमच्या आत असतो. गाडी उतारावर विंचने खाली सोडताना तो तापतो आणि ड्रमला टेकलेला थर भाजून निघतो. ज्यांना हे काम वारंवार करावं लागतं, किंवा ज्यांचा विंच रोज दगडांवरून ओढण्यासाठीच आहे, त्यांनी पोलादी दोर ठेवावा आणि माणसं दूर ठेवावीत. महिन्यातून एखाद्या रविवारी निघणाऱ्या गाडीला ही अडचण क्वचितच येते.

उरली किंमत. सिंथेटिक दोर महाग आहे हे खरं, पण तुटलेला पोलादी दोर रानात जोडता येत नाही आणि सिंथेटिक दोर मात्र शिकलेला माणूस जागेवर स्प्लाइस करून, म्हणजे धागे एकमेकांत गुंफून, पुन्हा वापरू शकतो. पण त्याला गाठ मारू नये. गुळगुळीत धाग्याची गाठ सरकते आणि ताकदही निम्म्यावर येते. पैसे वाचवायला बाजारातला रंगीत नायलॉनचा दोर विंचवर गुंडाळणं तर सर्वांत वाईट, कारण नायलॉन खूप ताणला जातो आणि तुटताना तेवढीच ऊर्जा मोकळी करतो. जास्त जाड दोर घेण्याचा मोहही टाळावा: ड्रमवर थर वाढले की विंचची ओढ घटते, वरच्या थरात तर ती पहिल्या थराच्या दोन तृतीयांशच्या आसपास येते. जुन्या पोलादी दोराने ओरखडे पाडलेल्या रोलरवर नवा धागा चालवू नये, तिथे दोर ज्यातून बाहेर येतो तो गुळगुळीत ॲल्युमिनियमचा फेअरलीड बसवावा. आणि ज्या दोराच्या पाकिटावर ब्रेकिंग स्ट्रेंथ लिहिलेली नाही, तो कितीही स्वस्त मिळाला तरी दुकानातच ठेवा.