सहा दिवसांत ‘आपला’चा ‘परका’



परक्या देशाकडून खेळणाऱ्यांचे कौतुक कशाला, असे विचारणारे पत्र आपल्या सदरात वाचले. रोख अमेरिकेच्या क्रिकेट संघातल्या सौरभ नेत्रावळकरवर होता. पत्रलेखकाचा राग मला पटत नाही. पण कौतुक करणाऱ्यांचेही काही खरे नाही.

टी-२० विश्वचषकात ६ जून २०२४ला डलासमध्ये सौरभने सुपर ओव्हर टाकली. पाकिस्तानला १९ धावा हव्या होत्या, त्याने १३ दिल्या आणि अमेरिका जिंकली. दुसऱ्या दिवशी पांढरकवड्याच्या पानठेल्यावर तो ‘आपला मुंबईचा पोरगा’ होता. १२ जूनला न्यूयॉर्कमध्ये त्याने कोहलीला पहिल्याच चेंडूवर आणि रोहितला ३ धावांवर घालवले, तर त्याच ठेल्यावर खाल्ल्या मिठाची गोष्ट निघाली. सामना भारतानेच जिंकला होता, तरी!

मीठ कोणाचे? २०१०चा १९ वर्षांखालील विश्वचषक भारताकडून खेळलेल्या या मुलाला मुंबईने रणजीत एक सामना दिला. मुंबईला दोष देत नाही, तिथे रांगच लांब. तो अमेरिकेत संगणकशास्त्र शिकला, नोकरीला लागला आणि आयसीसीची तीन वर्षे वास्तव्याची अट पुरी करून संघात आला. यात चोरी कसली?

आपण वैदर्भीयांनी तर हा विषय काढूच नये. २ मार्च २०२५ला जामठ्यात विदर्भाने तिसऱ्यांदा रणजी करंडक उचलला. अंतिम सामन्यात ८६ आणि १३५ धावा काढणारा करुण नायर कर्नाटकचा. आधीच्या दोन करंडकांच्या वेळी वसीम जाफर मुंबईचा, प्रशिक्षक चंद्रकांत पंडितही मुंबईचेच. तेव्हा कोणी जन्मदाखला मागितला होता? (गावच्या कबड्डीत आधार कार्ड मागतो तो हरणारा संघ. जिंकणाऱ्याला ते आठवत नाही.)

राज्य वेगळे आणि देश वेगळा, असे कोणी म्हणेल. मान्य. खेळाडू देशाबाहेर गेल्याचे खरे दुःख बघायचे तर टोंगाकडे बघा. पॅसिफिकमधली ही बेटे, वस्ती लाखभर, वेड रग्बीचे. तिथे जन्मलेला तौलुपे फालेताऊ वेल्सकडून खेळला. मलाकाई फेकिटोआ २०१५ साली न्यूझीलंडच्या विश्वविजेत्या संघात होता. पुढे नियम बदलला. तीन वर्षे आंतरराष्ट्रीय सामन्यांपासून दूर राहिलेल्याला जन्मभूमीकडून खेळायची मुभा मिळाली आणि फेकिटोआ २०२३च्या विश्वचषकात टोंगाकडून उतरला. लाखभरातले असे दोन गडी जाणे म्हणजे घरचा बैल जाणे. टोंगाने तक्रार करावी, तिला अर्थ आहे. १४० कोटींतून अकरा निवडणाऱ्यांनी कशाची करावी?

संपादकांना एवढीच विनंती, की ‘अमेरिकेचा गोलंदाज’ असेच छापत जा. पाकिस्तान हरले त्या दिवशीही. मुंबईचे नाव शेवटच्या परिच्छेदात आले तरी चालेल.

– एक वाचक, केळापूर, जि. यवतमाळ