दुःस्वप्न आणि घरांतील मौन

घरांत कोणी स्वप्नांत ओरडून उठलें, कीं कपाळीं अंगारा लागतो आणि पाठोपाठ ताकीद मिळते, "कोणास सांगूं नकोस." अंगाऱ्यानें धीर येतो, त्याविषयीं आमची तक्रार नाहीं. ताकीद मात्र आम्हांस घातक वाटते.

चरकसंहितेच्या इंद्रियस्थानांत स्वप्नांचे सात प्रकार सांगितले आहेत. त्यांतील पाहिलेलें, ऐकलेलें, अनुभवलेलें, इच्छिलेलें व कल्पिलेलें हीं पांच निष्फळ मानिलीं आहेत. म्हणजे बहुतेक स्वप्नांत भविष्य नाहीं. त्यांत आहे तो मागील अनुभव. मग त्याची विचारपूस नको काय?

१९५३ सालीं शिकागो विद्यापीठांत अ‍ॅसेरिन्स्की व क्लाइटमन यांनीं डोळे जलद हलण्याची निद्रावस्था वर्णिली. ती उत्तररात्रीं अधिक असते. म्हणून दुःस्वप्नें बहुधा पहांटेकडे पडतात. पुढें २००१ सालीं क्राको प्रभृतींनीं अत्याचार सोसलेल्या १६८ स्त्रियांच्या साह्यानें एक उपाय तपासला. दिवसा तें स्वप्न आठवावें, त्यांत आपणांस हवा तसा बदल करावा आणि तें नवें रूप रोज थोडा वेळ मनांत घोळवावें. हा उपाय करणाऱ्यांचीं दुःस्वप्नें कमी झालीं.

तेव्हां नातू ओरडला किंवा सून दचकून उठली, तर सकाळीं शांतपणें विचारावें, "काय दिसलें?" उत्तर ऐकतांना उपदेश करूं नये. स्वप्न वारंवार छळीत असेल, तर वैद्यकीय सल्ला घ्यावा. सांगण्यास जागा नसलेलें दुःखच रात्रीं हांक मारतें.