मृगनक्षत्र आणि आमचे विद्यार्थी

मृग लागला कीं पाऊस येणार, हें भोईवाड्यांतील लहान मूलही जाणतें. परंतु तें नक्षत्र आकाशांत कोठें आहे असें विचारल्यास पुष्कळ सुशिक्षितही निरुत्तर होतात. जूनमध्यें सूर्यच मृगांत असतो, म्हणून तें त्या वेळीं दिसत नाहीं. तें पाहावें डिसेंबर-जानेवारीच्या रात्रीं. आणि प्रत्येक विद्यार्थ्यानें तें एकदां तरी पाहिलेंच पाहिजे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

मृगाच्या पोटांतील बाणाचे तीन तारे ओळखले, कीं त्यांच्या किंचित् दक्षिणेस लहान दुर्बिणींतून एक अंधुक ढग दिसतो. हा सुमारें १,३०० प्रकाशवर्षें दूर असलेला तेजोमेघ होय. त्याचें तेज उसनें आहे. सूर्यपृष्ठाचें तपमान सुमारें ५,५०० अंश. या मेघांतील मुख्य ताऱ्याचें ३५,००० अंशांहून अधिक. त्याच्या अतिनील किरणांनीं हायड्रोजनच्या अणूंतून इलेक्ट्रॉन सुटतात, आणि ते पुनः जुळतांना जो प्रकाश बाहेर पडतो, त्यानें मेघ झळकतो. शेजारच्या त्रिकोण दीर्घिकेंत, सुमारें २७ लक्ष प्रकाशवर्षांवर, याहून कितीतरी प्रचंड मेघ आहे. त्यास असे दोनशेंहून अधिक तप्त तारे उजळीत आहेत.

हे महातारे अल्पायुषी असतात. सूर्याचें आयुष्य सुमारें १,००० कोटी वर्षांचें, तर यांचें कांहीं दशलक्ष वर्षांचेंच. तथापि मरतांना ते आपलें संचित अवकाशांत उधळून जातात. आपल्या श्वासांतील प्राणवायु बहुतांशीं अशाच ताऱ्यांच्या पोटीं घडलेला आहे.

"ताऱ्यांनीं पोट भरतें काय?" असें पालक विचारतील. त्यांस आमचें उत्तर असें. अतिनील किरण बव्हंशीं वातावरणांत अडतात, म्हणून भारतानें २८ सप्टेंबर २०१५ रोजीं अतिनील दुर्बीण बसविलेलें ॲस्ट्रोसॅट यान सोडलें. त्याच्या उभारणींत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा आणि पुण्याच्या आयुका संस्थेचा वाटा आहे. अशीं कामें जिज्ञासु मुलेंच पुढें करितात. ज्यानें आकाश कधीं पाहिलेंच नाहीं, त्यास ही जिज्ञासा कोठून व्हावी?

नगराच्या दिव्यांनीं आकाश पुसट झालें आहे खरें. परंतु मृगाचे ठळक तारे परळच्या गच्चीवरूनही दिसतात. शाळेनें हिंवाळ्यांत एक रात्र गच्ची मोकळी ठेवावी, दुर्बीण लावावी, शेजाऱ्यांनीं घटकाभर दिवे मालवावे आणि पालकांनीं मुलांसह यावें. पंचांगांतील नांव आणि आकाशांतील वस्तु यांची गांठ घालून देणें, हें शिक्षणाचेंच काम आहे.