‘पहिली पोर्शे’ कोणाची? लिलावाचा कॅटलॉग म्हणजे इतिहास नव्हे

१/ १७ ऑगस्ट २०१९. कॅलिफोर्नियातील मॉन्टेरे येथे आरएम सदबीज् या संस्थेचा जुन्या मोटारींचा लिलाव चालू होता. मंचावर रुपेरी रंगाची, थेंबासारख्या निमुळत्या आकाराची एक छोटी मोटार आली. बोली सुरू झाली आणि पडद्यावर आकडे उमटू लागले: तीन कोटी डॉलर, चार कोटी, पाच, सहा, सात. सभागृहात जल्लोष उसळला.

२/ मग लिलावकर्त्याने खुलासा केला. बोली सात कोटींची नव्हती, एक कोटी सत्तर लाखांची होती. इंग्रजीतील ‘थर्टीन’ आणि ‘थर्टी’, ‘सेव्हन्टीन’ आणि ‘सेव्हन्टी’ या उच्चारांनी घात केला होता. जल्लोषाची जागा हुर्योने घेतली. बोली राखीव किमतीपर्यंत पोहोचली नाही आणि मोटार विकली गेली नाही. जगभर या फजितीच्या बातम्या झाल्या.

३/ आकड्यांचा तो घोटाळा काही मिनिटांत दुरुस्त झाला. परंतु ज्या कथेच्या बळावर ती मोटार मंचावर आणली गेली, त्या कथेतील घोटाळ्यावर सभागृहात कुणी हुर्यो केली नाही. वाचकहो, हा धागा त्या दुसऱ्या घोटाळ्याविषयी आहे.

४/ मोटारीचे नाव ‘टाइप ६४’. कॅटलॉगमध्ये तिचे साल १९३९ आणि तिची ओळख ‘पोर्शे हे नाव धारण करणारी सर्वांत जुनी मोटार’ अशा आशयाची. अपेक्षित किंमत सुमारे दोन कोटी डॉलर. इतकी किंमत ॲल्युमिनियमच्या पत्र्याला येत नाही. ती ‘पहिली’ या एका विशेषणाला येते. म्हणून ते विशेषण तपासून पाहणे हे इतिहासाच्या अभ्यासकाचे कर्तव्य ठरते.

५/ मराठी वाचक या कामाला नवखा नाही. बखर आणि अस्सल समकालीन कागद यांत भेद करण्याचा धडा राजवाड्यांच्या पिढीने आपल्याला दिला. बखर टाकाऊ नसते. तिच्यात माहिती असते. मात्र ती कोणाच्या सांगण्यावरून आणि कशासाठी लिहिली गेली, हा प्रश्न आधी विचारावा लागतो. लिलावाचा कॅटलॉग ही आजच्या काळातील बखर आहे आणि तिचा आश्रयदाता आहे विक्रेता.

६/ आता कागदांकडे वळू. जून १९३४ मध्ये जर्मन मोटार उद्योगाच्या संघटनेने फर्डिनांड पोर्शे यांच्या स्टुटगार्ट येथील रचना-कार्यालयाशी करार केला: सर्वसामान्य जर्मन कुटुंबाला परवडेल अशी मोटार तयार करायची. ही हिटलरची लाडकी योजना होती. मे १९३८ मध्ये फालर्सलेबेन येथे कारखान्याची कोनशिला बसवताना त्यानेच या मोटारीला ‘केडीएफ-वागन’ हे नाव दिले. केडीएफ म्हणजे ‘आनंदातून सामर्थ्य’, नाझी कामगार आघाडीची करमणूक आणि सहली पुरवणारी शाखा.

७/ हा आनंद कोणाच्या पैशातून आला? स्वतंत्र कामगार संघटना मे १९३३ मध्ये मोडून काढण्यात आल्या आणि त्यांची मालमत्ता जप्त झाली. कारखान्याच्या भांडवलाचा काही भाग त्या मालमत्तेतून उभा राहिला. पुढे सुमारे ३,३६,००० लोकांनी ९९० मार्कांच्या मोटारीसाठी दर आठवड्याला किमान पाच मार्कांची तिकिटे पुस्तिकेत चिकटवली. नाझी राजवटीत त्यांच्यापैकी एकालाही मोटार मिळाली नाही. युद्धानंतर या बचतदारांचा न्यायालयीन लढा १९६१ पर्यंत चालला.

८/ ‘टाइप ६४’ जन्मली ती या योजनेच्या जाहिरातीसाठी. सप्टेंबर १९३९ मध्ये बर्लिन ते रोम अशी शर्यत योजली होती. नवे महामार्ग, दोन मित्रराजवटींच्या राजधान्या आणि लोकांची मोटार या साऱ्यांचे प्रदर्शन एकाच वेळी घडवायचे होते. त्यासाठी केडीएफ-वागनच्या यांत्रिक भागांवर हवेचा अवरोध कमी करणारे हलके कवच चढवले गेले. १ सप्टेंबरला जर्मनीने पोलंडवर आक्रमण केले आणि शर्यत रद्द झाली.

९/ अशा तीनच मोटारी तयार झाल्या. पहिली अपघातात सापडली. दुसरीचे छप्पर १९४५ मध्ये अमेरिकी सैनिकांनी कापून टाकले. मौजेखातर फिरवून फिरवून ती निकामी केली. तिसरी १९४० मध्ये पूर्ण झाली आणि तिच्यासाठी अपघातग्रस्त पहिलीचा सांगाडा वापरला गेला, असे सांगितले जाते. मॉन्टेरेच्या मंचावर आलेली मोटार ही तिसरी. म्हणजे कॅटलॉगमधील ‘१९३९’ हे सालसुद्धा स्पष्टीकरणावाचून उभे राहत नाही.

१०/ मग तिच्या नाकावर ‘पोर्शे’ हे नाव कधी आले? युद्ध संपल्यानंतर, १९४६ मध्ये. ऑस्ट्रियात तिची नोंदणी करताना फर्डिनांड यांचे पुत्र फेरी पोर्शे यांनी ती सात रोमन अक्षरे बसवली. १९४९ मध्ये ती ओटो माथे या ऑस्ट्रियन शर्यतपटूने घेतली. माथे यांचा उजवा हात अपघातामुळे निकामी झाला होता. डाव्या हाताने गिअर बदलता यावा म्हणून त्यांनी सुकाणू उजवीकडे घेतले आणि शर्यती जिंकल्या. १९९५ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी ती जपली. या भागाविषयी माझ्या मनात निखळ आदर आहे.

११/ प्रश्न असा की, नाझी कामगार आघाडीच्या मोटारीची जाहिरात करण्यासाठी जन्मलेल्या आणि सहा-सात वर्षांनी नाव मिळालेल्या या यंत्राला ‘पहिली पोर्शे’ म्हणावे काय? खुद्द पोर्शे कंपनी तसे मानत नाही. ८ जून १९४८ रोजी ‘३५६ क्रमांक १’ या मोटारीला परवाना मिळाला, तो दिवस कंपनी आपल्या क्रीडा-मोटारींचा जन्मदिवस म्हणून साजरा करते.

१२/ येथे नीट पाहा. लिलावसंस्थेला १९३९ हवे, कारण जितके जुने तितके महाग. कंपनीला १९४८ सोयीचे, कारण ते वर्ष युद्धानंतरचे आणि निष्कलंक आहे. दोन्ही तारखा कागदोपत्री समर्थनीय आहेत आणि दोन्ही आपापल्या धन्याच्या उपयोगाच्या आहेत. पण ज्या कंपनीचे नाव मोटारीवर आहे, ती १९३१ साली स्थापन झाली. हे तिसरे साल कोणाच्याच उत्सवात ठळकपणे का येत नाही?

१३/ कारण १९३१ म्हटले की संस्थापकांची नावे घ्यावी लागतात. फर्डिनांड पोर्शे, त्यांचे जावई, वकील अँटोन पिएख, आणि तिसरे अ‍ॅडॉल्फ रोझेनबर्गर. फॉर्त्सहाइमचे हे ज्यू गृहस्थ बेंझ आणि मर्सिडीजच्या मोटारी हाकणारे नामांकित शर्यतपटू होते. नव्या कंपनीत त्यांचा दहा टक्के हिस्सा होता. त्यांनी पैसा घातला, व्यवहार सांभाळला. आर्थिक मंदीच्या त्या काळात त्यांच्यावाचून कंपनी तग धरती का, ही शंका रास्त आहे.

१४/ जानेवारी १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला. त्याच सुमारास रोझेनबर्गर यांनी व्यवस्थापकपद सोडले. १९३५ मध्ये त्यांचा दहा टक्के हिस्सा अवघ्या ३,००० मार्कांना, म्हणजे केवळ दर्शनी किमतीला, फेरी पोर्शे यांच्याकडे गेला. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात ‘वंश भ्रष्ट केल्या’च्या आरोपाखाली त्यांना अटक झाली आणि किस्लाऊच्या छळछावणीत ठेवण्यात आले. काही आठवड्यांनी सुटका झाल्यावर ते देश सोडून गेले. आधी फ्रान्स, मग अमेरिका. तेथे त्यांनी नावही बदलले.

१५/ म्हणजे ‘टाइप ६४’चे कवच घडवले जात होते, तेव्हा ज्या नावाने ती पुढे कोट्यवधींची होणार होती, त्या नावाच्या कंपनीचा एक संस्थापक परागंदा होता. फर्डिनांड पोर्शे १९३७ मध्येच नाझी पक्षाचे सदस्य झाले होते. हे सारे माहीत असूनही मोटारीची ‘वंशावळ’ फक्त मालकांच्या साखळीने सांगितली जाते. वंशावळ या शब्दाचा याहून क्रूर विनोद मला ठाऊक नाही.

१६/ फालर्सलेबेनच्या कारखान्याचेही सांगितले पाहिजे. ‘टाइप ६४’ तेथे बनली नाही, गोंधळ नको. पण ज्या योजनेची ती जाहिरात होती, त्या योजनेचा हा कारखाना युद्धकाळात फर्डिनांड पोर्शे आणि अँटोन पिएख यांच्या व्यवस्थापनाखाली होता. तेथे सुमारे २०,००० लोकांना सक्तीने राबवले गेले. त्यांत युद्धकैदी होते, छळछावण्यांतील बंदी होते. सक्तीच्या मजूर स्त्रियांची तान्ही मुले हिरावून शिशुगृहात ठेवली गेली. त्यांतील ३०० हून अधिक दगावली. कारखान्याच्या डॉक्टरला ब्रिटिश न्यायालयाने यासाठी मृत्युदंड दिला.

१७/ पहिला आक्षेप येईल: यंत्र निष्पाप असते, त्याला राजकारणात कशाला ओढता? मान्य, पत्र्याला पाप लागत नाही. पण मग पत्र्याला पुण्यही लागत नाही. ‘या आसनावर खुद्द फर्डिनांड पोर्शे बसले होते’ हे सांगून किंमत वाढवायची, आणि तेच पोर्शे आणखी कोणत्या आसनावर बसले होते हे विचारताच ‘हे तर केवळ यंत्र’ म्हणायचे, ही दुटप्पी रीत आहे. व्यक्तीच्या स्पर्शाने मोल वाढत असेल, तर त्या व्यक्तीचा सगळा हिशेब सोबत आला पाहिजे.

१८/ दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: लिलाव आणि संग्राहक नसते, तर या मोटारी भंगारात गेल्या असत्या. हे बरेचसे खरे आहे. दुसऱ्या ‘टाइप ६४’चे काय झाले ते आपण पाहिलेच. सांगाड्याचे क्रमांक, नोंदणीपत्रे, जुनी छायाचित्रे जुळवण्याचे काम लिलावसंस्थांचे तज्ज्ञ चिकाटीने करतात. माझी तक्रार अशी की, सांगाड्याचा क्रमांक पडताळण्यासाठी जी चिकाटी लागते, तिच्या दहाव्या हिश्श्यातही रोझेनबर्गर यांचे नाव सापडले असते. वस्तू जपली गेली म्हणजे इतिहास जपला गेला, असे होत नाही.

१९/ तिसरा आक्षेप: कॅटलॉग ही जाहिरात आहे, तिच्याकडून इतिहासाची अपेक्षा कशाला? उत्तर सोपे आहे. विकायला काढलेला माल इतिहासच आहे. तशीच बनावटीची पण इतिहास नसलेली मोटार आज कुणी बांधली, तर तिला दोन कोटी डॉलर कोण देईल? जो इतिहास विकतो, त्याने तो तोलून द्यावा. धान्याच्या दुकानात आपण मापात पाप खपवून घेत नाही. येथे का घ्यावे?

२०/ शेवटचा ठपका मात्र आपल्यावरच. ‘विश्वविक्रमी किंमत’ अशी बातमी आली की आपणच ती धडाधड पुढे पाठवतो. छायाचित्र सुंदर, आकडा डोळे दिपवणारा, खाली दोन ओळींची दंतकथा. बखरीतील एखादी अतिशयोक्ती पकडून तासन्तास वाद घालणारे आपण कॅटलॉगमधील वाक्य मात्र पुराव्यासारखे उद्धृत करतो. आकडा मोठा असला की कागदाची चिकित्सा थांबते. ही सवय मोडली पाहिजे.

२१/ म्हणून पुढच्या वेळी लिलावाची बातमी वाचाल, तेव्हा तीन प्रश्न विचारा. ‘पहिली’, ‘एकमेव’, ‘मूळ’ ही विशेषणे कोणी लावली आणि त्यात त्याचा लाभ काय? मोटारीवरील नाव केव्हा आणि कोणी बसवले? आणि त्या नावातून कोण वगळले गेले? उत्तरे शोधायला दफ्तरखान्यात जावेच लागते असे नाही. पुष्कळ साधने छापून प्रसिद्ध आहेत. अलीकडच्या वर्षांत खुद्द पोर्शे कंपनीनेही रोझेनबर्गर यांच्या आयुष्याच्या संशोधनाला हातभार लावला आहे. उशिरा का होईना, हे योग्य झाले.

२२/ माझी मागणी मोठी नाही. ‘टाइप ६४’ भंगारात जावी असे मी म्हणत नाही. ती जपावी, चालती ठेवावी, लोकांना दाखवावी. फक्त ती पुन्हा कधी मंचावर आली, तर तिच्या माहितीत एक पान रोझेनबर्गर यांचे असावे, एक पान तिकिटे चिकटवणाऱ्या बचतदारांचे आणि एक सक्तीने राबवल्या गेलेल्या मजुरांचे.

२३/ आणि हिशेबच करायचा, तर पुरा करू. युद्धानंतर रोझेनबर्गर यांनी आपला हक्क मागितला. १९५० मध्ये तडजोड झाली: ५०,००० मार्क आणि एक मोटार. १९६७ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये त्यांचे निधन झाले. त्याच कॅलिफोर्निया राज्यात, बावन्न वर्षांनी, त्यांनी उभारायला मदत केलेल्या नावासाठी एक कोटी सत्तर लाख डॉलरची बोली लागली आणि ती अपुरी ठरली.